दोरीचं दुसरं टोक

निरीक्षकसाहेबांच्या भोपू नावाच्या कुत्र्याने रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंच्या स्वेटरची बाही फाडली, आणि त्यानंतर दिवसभर संतापून कोण बसलं होतं, तर निरीक्षकसाहेब. बाई नव्हेत. बाई आपल्या दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ती लोंबणारी बाही दाखवत होत्या, पण दाखवताना त्यांचा चेहरा इतका शांत, इतका प्रसन्न होता की साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिची बाही फाटली तिने निदान चिडावं तरी! पण नाही.

"नवा होता हो स्वेटर," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "पण मुकं जनावर ते. त्याला काय बोलायचं?"

यात रागावण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. साहेबांना विचारून बघा. त्याला काय बोलायचं याचा अर्थ त्याच्या मालकाला बोलायचं, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते.

साहेब वाहन परवाना कार्यालयात चाचणी घ्यायचे. नव्याने गाडी शिकलेली माणसं त्यांना शेजारी बसवून मैदानाला एक फेरी मारत. त्या फेरीत साहेब चकार शब्द काढत नसत, आणि गाडी थांबली की एकच शब्द बोलत, "नापास." त्यांच्या इमारतीतली निम्मी माणसं त्यांनीच नापास केली होती. उरलेल्या निम्म्यांनी भीतीने गाडी शिकायचा विचारच सोडून दिला होता. गाण्याच्या बाई तीनदा नापास झाल्या होत्या, तिन्ही वेळा एकाच चुकीसाठी. वळताना त्या आरशात बघत नसत. पहिल्या मजल्यावरचे बेकरीवाले दोनदा नापास होते. इमारतीत पार्सलं आणून देणारा पोरगेलासा गडी एकदा नापास होऊन कायमचा सायकलीवर आला होता.

भोपू साहेबांना याच मैदानावर सापडला. दोन शंकूंच्या मधोमध एक तपकिरी पिल्लू खुशाल बसलं होतं. समोरून येणाऱ्या उमेदवाराने करकचून ब्रेक दाबला, आणि त्या दिवशी पास झालेला तो एकटाच. साहेब पिल्लू घरी घेऊन आले. "दोनच दिवस," असं बायकोला सांगून आणलेलं ते पिल्लू आता चांगलं गुडघ्याच्या वर आलं होतं, आणि साहेबांच्या खुर्चीवर झोपत होतं. साहेब जमिनीवर बसून पेपर वाचत.

रोज सकाळी साहेब त्याला घेऊन मागच्या रस्त्याने तळ्यापर्यंत जाऊन येत. तो तेवढा वेळ सोडला, तर दिवसभर साहेबांचं तोंड दिसताच माणसं घाबरत, नाहीतर रस्ता बदलत. साहेब दिसल्यावर आनंदाने उड्या मारणारा जीव सगळ्या गावात एकच होता, आणि त्याला शेपूट होतं. साहेब हे कधी बोलून दाखवत नसत. पण एखादे दिवशी तो फेरा चुकला, की घरात सगळ्यांना कळायचं.

आणि आता तोच फेरा धोक्यात आला होता. बेकरीवाल्यांची पँट, पार्सलवाल्याची पिशवी आणि बाईंची बाही, अशा तीन तक्रारी झाल्या होत्या. इमारतीच्या फलकावर स्पष्ट नियम होता: तीन तक्रारी झालेला कुत्रा इमारतीत राहणार नाही, कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.

"हा कट आहे!" साहेब घरात येरझाऱ्या घालत म्हणाले. "बेकरीवाला नापास, पार्सलवाला नापास, ती बाई नापास. नेमक्या तिघांच्याच तक्रारी कशा काय? बाकी कुणाला हा तोंड लावत नाही. तिघांनी मिळून ठरवून केलंय हे!"

"काय ठरवलं त्यांनी?" बायको म्हणाली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि आरडाओरडा करणाऱ्या माणसांची तिला सवय होती. "बाही फाडून घ्यायची, असं?"

"कुत्र्याला माणसाची पारख असते. वाईट माणूस त्याला बरोबर ओळखू येतो."

कोपऱ्यातल्या पलंगावरून साहेबांच्या आईने मान वर केली. "तूही लहानपणी चावायचास. मास्तरांना चावला होतास एकदा. मीच गेले होते शाळेत माफी मागायला."

"आई, विषय कुत्र्याचा चाललाय."

"मग मी कुणाचं बोलतेय?" आई म्हणाली आणि भोपूच्या कानामागे खाजवू लागली.

संध्याकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत सगळे जमले. साहेब कागद न घेता, छाती पुढे काढून उभे राहिले. एवढ्यातेवढ्यावरून एका मुक्या प्राण्याला घराबाहेर काढणं हा केवढा अन्याय आहे, त्याची बाजू ऐकून घ्यायला नको का, हा काय न्याय झाला, असं ते तावातावाने बोलले. बोलणं चांगलं झालं. एकदोघींचे डोळेसुद्धा भरून आले.

मग बेकरीवाले उठले. "साहेब, तुमचं सगळं पटतंय. पण नियमात लिहिलंय ना, सबब ऐकली जाणार नाही म्हणून."

"असला आडमुठा नियम केला तरी कुणी?"

"तुम्हीच केलात."

नियम साहेबांचाच होता. भोपू यायच्या आधी बेकरीवाल्यांकडे एक कुत्रा होता, तो रात्री रडायचा. साहेबांनी नियम केला, तिन्ही तक्रारी स्वतःच केल्या, आणि तो कुत्रा बेकरीवाल्यांच्या सासुरवाडीला रवाना झाला.

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," साहेब म्हणाले.

"होय तर. तेव्हा कुत्रा माझा होता."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात गाण्याच्या बाई मधुर आवाजात बोलल्या. त्या इमारतीच्या सेक्रेटरी होत्या.

"इतकं ताणू नका बाई कुणी. साहेबांचा चाचणीवर विश्वास आहे ना? मग भोपूची चाचणी घेऊ. पुढच्या रविवारी. तक्रार करणारे आम्ही तिघंही एकेक करून समोरून जाऊ. तो अंगावर आला नाही, तर राहू दे बिचारा. आला, तर मात्र नियम."

"चाचणी घेणार कोण?" साहेबांनी संशयाने विचारलं.

"मी घेईन की. आणि दोरी तुम्हीच धरायची हं साहेब. प्रत्येक वेळी ती तुमच्याच हातात होती."

आता सांगा, यात नाही म्हणायला जागा होती? वीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या चाचण्या घेतल्या, त्याने चाचणीला नाही कसं म्हणायचं? साहेबांनी होकार दिला आणि दाणदाण जिने चढून वर गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्यालयातून चार शंकू मागून आणले आणि खाली मांडले. एका शंकूत उभा झाडू खोचला, झाडूला बायकोचा स्वेटर घातला. ही बाई झाली. मग भोपूला घेऊन त्यांचा सराव सुरू झाला. कुत्र्याला शिस्त लागली नाही म्हणून हे असं झालं, असं साहेबांचं मत होतं. भोपू जरा गुरगुरला की साहेब ओरडत, "गप! गुरगुरायचं नाही!" आणि दोरीला हिसका देत. भोपू झाडूवर कशाला गुरगुरेल? तो झाडूचा वास घेऊन शेपूट हलवायचा. पण सायकलवरून पार्सलवाला आत शिरला की गुरगुरायचा, आणि हिसका खायचा. दोनतीन दिवसांत त्याने गुरगुरणं अजिबात सोडलं.

"बघ," साहेब बायकोला म्हणाले. "याला म्हणतात शिकवणं. तुम्ही नुसते लाड करता."

त्याच दिवशी संध्याकाळी खांबामागून बेकरीवाले केकचा ट्रे घेऊन आले. भोपू गुरगुरला नाही, भुंकला नाही. सरळ अंगावर गेला. त्याचे दात कशाला लागले नाहीत, पण ट्रे हवेत गेला आणि मलईचे सहा केक साहेबांच्या शंकूंवर येऊन पडले.

"अहो, आधी निदान सांगून तरी यायचा तो!" बेकरीवाले कपाळ पुसत ओरडले. "आता तर आवाजसुद्धा न करता येतो! काय शिकवताय काय त्याला?"

"तुम्हाला खांबामागून यायची काय गरज होती?"

"माझं घर आहे हो इथे!"

त्या रात्री बायकोने साहेबांना न विचारता फोन केला. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बिथरलेल्या, चावऱ्या कुत्र्यांचा त्यांचा खास अभ्यास होता. उंच बाई, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि साहेबांकडे बघायच्या आधी त्यांनी भोपूकडे बघितलं. बघितलं म्हणजे थेट नाही. त्याच्याकडे जरा बाजू करून खाली बसल्या आणि तो आपणहून वास घ्यायला येईपर्यंत गप्प राहिल्या. मग त्याचे कान, दात, पंजे, पाठ, सगळं चाचपून पाहिलं.

"काही दुखत असलं की गरीब कुत्रंही चावतं," त्या म्हणाल्या. "पण हा ठणठणीत आहे. चला खाली. कोण कोण आवडत नाही याला?"

खाली बेकरीवाले नवा ट्रे लावत होते. आधी बायकोने दोरी धरली आणि भोपूला त्यांच्यासमोरून नेलं. काही झालं नाही. मग आईने धरली. आई तर बेकरीवाल्यांशी गुडघेदुखीबद्दल बोलतच उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात भोपूने त्यांच्या बुटावर डोकं ठेवून डुलकी काढली. बेकरीवाले तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"आता तुम्ही," डॉक्टरीणबाई साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी दोरी धरली. चार पावलं गेले असतील नसतील, तोच भोपू ताठ झाला, अंगावरचे केस फुलले आणि त्याने अशी झेप घेतली की बेकरीवाले ट्रेसकट लिफ्टमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"बघितलंत?" साहेब विजयाने म्हणाले. "मी असलो की त्याला खरं काय ते वागायचं धैर्य येतं. मालकाचा आधार!"

"वर चला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वर आल्यावर त्यांनी दोरी भोपूच्या पट्ट्यातून काढली आणि खुर्चीवर बसून ते टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं. "नुसतं धरून उभे राहा. मी काही नावं घेते. तुम्ही काही करायचं नाही."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुमची बायको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोरी सैल होती. "पार्सलवाला."

त्यांचा हात किंचित पुढे ओढला गेला.

"बेकरीवाले."

हात चांगला वीतभर पुढे गेला.

"गाण्याच्या बाई."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून पुढे आल्या, नव्हे, खेचल्या गेल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. साहेबांनी आपल्या हाताकडे बघितलं. मुठीची बोटं पांढरी पडली होती. आपण मूठ आवळल्याचं त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"अगं, याच्या मेव्हण्याचं नाव घे!" आई पलंगावरून उत्साहाने म्हणाली. "बघ कशी उडतेस ते!"

"आई!"

"साहेब," मनगट चोळत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुत्रा बेकरीवाल्यांना ओळखत नाही. तो तुमचा हात ओळखतो. माणूस दिसला की तुम्ही दोरी ताणता, श्वास रोखता, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटता."

"मी पुटपुटत नाही."

"तुम्ही 'आलाच हा' म्हणता," बायको म्हणाली. "प्रत्येक वेळी."

"त्याला वाटतं, धनी घाबरलाय, आता आपणच काय ते बघायला हवं. आणि गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय, मला भीती वाटतेय, लांब राहा. ते सांगणं तुम्ही बंद केलंत, पण भीती तशीच राहिली. मग काय करेल तो? न सांगता जाईल अंगावर. बोलणं ऐकून घेत नाहीत म्हटल्यावर माणूससुद्धा हात उचलतो."

साहेबांचा अगदी तिळपापड झाला. म्हणजे बाही भोपूने फाडली, केक भोपूने उधळले, आणि दोष कुणाचा? साहेबांचा! गुन्हेगार राहिला बाजूला! "म्हणजे मीच चावरा? मला शिकवणी लावायला आलात तुम्ही?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला शिकवायला फारसं काही नाहीये."

साहेब तणतणत आतल्या खोलीत गेले आणि दार आपटलं. बाहेरून कुणी समजूत काढायला आलं नाही. थोड्या वेळाने दाराला नाक घासल्याचा आवाज आला. साहेबांनी उघडलं. भोपू आत आला, त्यांच्या पायांवर आडवा पडला आणि मोठा सुस्कारा सोडला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. रविवारी हा गेला, तर सोमवारी सकाळी दाराशी कोण येईल, हा विचार त्यांच्या मनात आला. मग ते बाहेर आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "काय शिकायचंय?"

शिकायचं सोपं होतं आणि म्हणूनच साहेबांना जमत नव्हतं. माणूस दिसला की श्वास सोडायचा. दोरी खाली लोंबती ठेवायची. समोरासमोर न जाता जरा वळसा घेऊन जायचं. भोपूने माणसाकडे बघून पुन्हा आपल्याकडे बघितलं, की लगेच चीजचा तुकडा द्यायचा. भोपूला हे एकाच संध्याकाळी आलं. साहेबांना शनिवारपर्यंत आलं नव्हतं. बायको कामावरून दमून आली तरी स्वेटर घालून बाई व्हायची आणि जिन्यातून उतरायची.

"दोरी ताणली तुम्ही."

"तू बाईंसारखं हसलीस!"

"त्या हसणारच आहेत हो. त्यांनी हसायचं नाही, असा नियम करणार आहात का?"

आई एक वेगळीच शिकवणी घेत होती. साहेबांचे खांदे सैल पडले की ती त्यांच्याही तोंडासमोर चीजचा तुकडा धरायची. साहेब चिडायचे, पण खायचे.

रविवारी सकाळी गॅलऱ्यांमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. नापास झालेली झाडून सगळी माणसं हजर होती. साहेब पहाटेपासून चौथ्यांदा दोरी तपासत होते. आयुष्यात त्यांना हे असं कधी झालं नव्हतं, आणि हे काय होतंय ते त्यांना कळेना.

"बूट घालू की चपला?" त्यांनी बायकोला तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, चाचणी भोपूची आहे."

खाली बाई हातात पेन घेऊन उभ्या होत्या. "सुरू करा," एवढंच म्हणाल्या आणि मग ओठ मिटून घेतले. परीक्षकाने काही बोलायचं नसतं, हे त्या कुणाकडून शिकल्या ते सांगायला नको.

आधी बेकरीवाले निघाले, आणि हातात काय, तर गरमागरम टोस्टचा ट्रे! हे ठरलेलं नव्हतं. साहेबांच्या तोंडात 'आलाच हा' आलं होतं, पण त्यांनी फुस्सकन श्वास सोडला. दोरी लोंबती राहिली. भोपूने टोस्टकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. चीज. गॅलरीतून कुणीतरी "अरे वा" म्हणालं.

मग पार्सलवाला सायकलची घंटी वाजवत आला, तीही मुद्दाम, नाकासमोर. साहेबांनी डोळे मिटले, श्वास सोडला, वळसा घेतला. भोपूने त्यांच्याकडे बघितलं. चीज. साहेबांना वाटलं, जमतंय की! अगदीच काही अवघड नाही! त्यांची छाती जराशी फुगली.

शेवटी बाई स्वतः निघाल्या. अंगात तोच स्वेटर, फाटलेल्या बाहीला वेगळ्याच रंगाचं ठिगळ. साहेबांनी श्वास सोडला, दोरी सैल केली, झकास वळसा घेतला. सगळं बिनचूक झालं. आणि बाई थांबल्या. पेन कागदाला लावून, गोड आवाजात म्हणाल्या, "वळताना मागे बघितलं नाहीत, साहेब."

संपलं.

"मी? मी बघितलं नाही?" साहेब गरजले. "मला सांगता? वीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय! अहो, तीनदा संधी दिली तुम्हाला, तीनदा! एकदा तरी आरशाकडे नजर टाकली असती, तर हा हात आनंदाने सही करायला तयार होता! आरसा काय मी केस विंचरायला लावला होता? तुमच्या मागून सायकलवरून एखादं पोर येत असतं तर? कुणाला जाब विचारला असता मग? आणि वर मलाच..." त्यांचे दोन्ही हात हवेत होते, आवाज चौथ्या मजल्याच्या वर गेला होता.

गॅलऱ्यांमधून "अरे, अरे!" असा आवाज आला. साहेब बोलताबोलता थांबले. लोक त्यांच्याकडे बघत नव्हते. खाली बघत होते. साहेबांचे दोन्ही हात हवेत होते, म्हणजे दोरी कुणाच्याच हातात नव्हती.

ती जमिनीवर पडली होती, आणि तिचं टोक ओढत भोपू थेट गाण्याच्या बाईंकडे निघाला होता. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पेन खाली पडलं. भोपू बाईंपाशी पोचला. ठिगळाचा वास घेतला. मग त्यांच्या पायांशी टेकून खाली बसला, वळून साहेबांकडे बघितलं, आणि शांतपणे चीजची वाट बघू लागला.

बाईंचा हात हळूहळू खाली आला आणि त्याच्या डोक्यावर टेकला. "अगो बाई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड नव्हता, नुसता खरा होता. "किती गरीब आहे हा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी पेन उचललं, घसा साफ केला. "भोपू पास!" आणि टाळ्या थांबल्यावर पुढे म्हणाल्या, "दोरी धरणारा नापास."

"काय?" साहेब.

"चाचणी चालू असताना दोरी सोडली. परीक्षकावर ओरडला. हे चालतं का हो तुमच्या मैदानावर?"

"नियम कुत्र्याबद्दल आहे! माणसाबद्दल त्यात एक अक्षर नाही! मी स्वतः लिहिलाय!"

"मग आता घालू की," बेकरीवाले टोस्ट वाटत म्हणाले. "पास होईपर्यंत साहेबांनी भोपूला घेऊन एकट्याने खाली उतरायचं नाही. कोण कोण बाजूने?"

सगळ्या गॅलऱ्यांमधून हात वर झाले. तिसऱ्या मजल्यावर साहेबांच्या आईचाही हात वर होता. बायकोने आपला हात खाली ठेवला होता, पण तोंडावर पदरासारखा रुमाल धरून ती भिंतीकडे वळली होती, आणि तिचे खांदे हलत होते.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. हा अन्याय होता, सूड होता, मागच्या दाराने केलेला नियम होता. बायको सकाळी कामावर जायची, आईचे गुडघे धरलेले, मग तळ्याचा फेरा बंदच की! हे सगळं ते एका दमात बोलणार होते. तेवढ्यात भोपू उठला, दोरी ओढत त्यांच्यापाशी आला आणि त्यांच्या बुटांवर बसला.

साहेबांनी वाकून दोरी उचलली. एक श्वास सोडला. मग मान वर करून, इमारतीतल्या निम्म्या माणसांनी आजवर त्यांच्यासमोर जो प्रश्न विचारला होता, तोच त्यांनी विचारला.

"परत कधी येऊ?"

गॅलऱ्यांमधलं हसू एकदम थांबलं. त्या प्रश्नाची चव तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. बाईंनी कागदाची घडी घातली. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते त्यांनी बरीच वर्षं मनात घोळवून ठेवलं असणार. पण त्यांनी ते दिलं नाही.

"उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "फिरायला. शेजारी कुणीतरी हवंच ना तुम्हाला, मी येईन. पण चालतच जावं लागेल हं साहेब. गाडी काही मला येत नाही."